सूनबाईचा समुद्र आणि तांब्याचा पाइप

मिस्त्री मुलाच्या घरी राहायला आले ते एक कपड्यांची बॅग आणि एक हत्यारांची पेटी घेऊन. बॅग हलकी होती, पेटी उचलवत नव्हती. "बाबा, तुम्ही आराम करायला आलात ना? मग हिचं काय काम?" मुलानं विचारलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मुलगा निमूटपणे पेटी खांद्यावर घेऊन जिना चढला.

जन्मभर नळाची कामं केलेला माणूस नव्या घरात शिरला की आधी छत आणि कोपरे बघतो. पाइप कुठून आला, कुठे गेला, कुठे गळणार, एवढंच त्याला दिसतं. मिस्त्री तेच करत होते, तेवढ्यात त्यांची नजर बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीवर गेली. माणूस आडवा झोपेल एवढी लांब टाकी, आत खडक, खडकांवर प्रवाळ, थोडे मासे आणि वर निळसर दिवा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वा! मिस्त्री गुडघा धरून खाली बसले, खिशातला टॉर्च काढला आणि टाकीखालचं कपाट उघडून आत डोकं घातलं. घरमालक खोली सोडणाऱ्या भाडेकरूच्या भिंती तपासतो, तशी त्यांची तपासणी चालली होती.

"सगळं प्लॅस्टिक," आतून आवाज आला.

"असतंच ते तसं, बाबा," सूनबाई हसून म्हणाली.

मिस्त्रींनी कपाटाचं दार लावलं. पहिलाच दिवस होता. पण प्लॅस्टिकबद्दल त्यांची मतं चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. पाणी न्यायचं तर तांब्यातून, बाकी सगळी तात्पुरती मलमपट्टी, हे ते शिकाऊ पोरांना सांगत आले होते. त्यांनी घातलेले तांब्याचे पाइप अजून कितीतरी इमारतींच्या भिंतींत होते आणि एकही गळत नव्हता. बायको गेली, गुडघे गेले, काम सुटलं, पण ते पाइप होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही पुरता जळला नव्हता.

टाकी सूनबाईची होती. मुलगा हॉटेलात आचारी, त्याला टाकीत फक्त एकच गोष्ट दिसायची. "जरा लसूण परतला आणि..." एवढं तो म्हणाला, की सूनबाई हातात असेल ती वस्तू उगारायची. कारण त्या टाकीत दोन कोळंब्या होत्या आणि त्यांच्यावर तिचा जीव होता. लालभडक पाठ, पाठीवरून भांगासारखा सरळ गेलेला पांढरा पट्टा आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिश्या. खडकाखालच्या एका कपारीत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. सूनबाईनं त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली होती, कारण सख्ख्या जावांसारखं त्यांचं एकमेकींवाचून चालायचं नाही आणि खाण्यावरून रोज वाजायचं. मासे रांगेत येऊन त्यांच्यापुढे थांबायचे आणि या दोघी माशांच्या अंगावरची घाण, मेलेली कातडी वेचून खायच्या. मोठ्यातला मोठा मासासुद्धा तोंड उघडून गप्प उभा राहायचा.

"या हातसुद्धा साफ करतात," सूनबाईनं एकदा सकाळी सांगितलं. "साबण लावू नका. नुसत्या पाण्यानं हात धुवा आणि घाला आत."

"माझा हात? माझ्या हाताला काय साफ करणार ती? पॉलिश पेपर लागेल."

तरी त्यांनी हात घातला. थोरली कपारीतून बाहेर आली, मिश्या फिरवून अंदाज घेतला आणि सरळ तळहातावर चढली. भाजल्याचे जुने डाग, भेगा, नखांच्या कडा, सगळीकडे तिचे चिमुकले चिमटे चालू झाले. मागून धाकटीही आली. मिस्त्रींना गुदगुल्या झाल्या, ते खुदकन हसले, आणि मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. बायको गेल्यापासून त्या हाताला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. सूनबाईला हे दिसलं. तिनं मान वळवून उगीचच माशांचं खाणं शोधायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून मिस्त्री कोळंब्यांचे झाले. सूनबाई कामाला निघाली की ते स्टूल ओढून टाकीपाशी बसायचे. तिनं त्यांना एकेक गोष्ट शिकवली. टाकीतलं पाणी रोज उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून गाळलेलं गोडं पाणी थोडं थोडं घालत राहायचं. एकदम ओतायचं नाही, कोळंबीला एकदम झालेला बदल सोसत नाही. साबण नको, अत्तर नको, डास मारायचा फवारा नको. आणि मासा आजारी दिसला तरी माशांचं औषध मुळीच घालायचं नाही, ते कोळंबीला विष. मिस्त्रींनी सगळं डोक्यात पक्कं केलं. औषधाची बाटली त्या घरात नव्हतीच, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

सूनबाई कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर मान खाली घालून भिंगातून काम. संध्याकाळी घरी आली की गाळलेल्या पाण्याची बादली उचलून आणायची, मग्यानं थोडं थोडं टाकीत घालायची आणि मध्येच थांबून उजवा खांदा दाबायची. मिस्त्री म्हणायचे, "दे इकडे." ती म्हणायची, "तुमचे गुडघे आधीच कुरकुरतात, बसा." मिस्त्री बसायचे, पण डोक्यात हिशेब चालू व्हायचा. स्वयंपाकघरातला फिल्टर तिथे, टाकी इथे. मध्ये एक भिंत. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी पाणी पोचवलं आणि घरची सून बादल्या उचलते, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

मग कारखान्यानं तिला नवीन यंत्र शिकायला आठवडाभर परगावी पाठवलं. जाताना तिनं टाकी नवऱ्याच्या नाही, सासऱ्यांच्या हवाली केली. "याच्यावर विश्वास नाही," ती म्हणाली, "हा लसूण परतेल. तुम्ही आहात म्हणून जातेय." मिस्त्रींची छाती फुगली. ती जिना उतरेपर्यंत ते दारात उभे होते. नंतर त्यांनी दार लावलं आणि पेटी उघडली.

किती तरी दिवसांनी ते हात कामाला लागले होते. दुकानातून नवाकोरा तांब्याचा पाइप आणला. भिंतीत भोक पाडलं, पण एक कपचा उडू दिला नाही. एल्बो, म्हणजे तयार वळणाचे सांधे, वापरले तर कोपरे दिसतात, म्हणून पाइप गुडघ्यावर धरून हातानंच वळवला, एक वळण दाराच्या चौकटीला धरून, दुसरं टाकीच्या कडेवरून. जिथे जोड आलाच, तिथे वितळलेल्या कथलाचा असा डाग दिला की बोट फिरवलं तरी कळू नये. टाकीच्या काठाला बॉलकॉक बसवला, म्हणजे पाणी उतरलं की आपोआप तेवढंच येणार. आणि थेंबांच्या टपटपीनं सूनबाईची झोप मोडू नये म्हणून पाइपाचं टोक पाण्यात चांगलं वीतभर बुडवलं. शेवटी सगळा पाइप पॉलिश केला. तो असा झळाळला, की कामावरून आलेला मुलगा दारातच थांबला.

"बाबा! हे तर दागिन्यासारखं दिसतंय."

"तिला फोनवर बोललास तर याद राख. येऊ दे तिला. बघू दे."

मिस्त्री इतके खूश होते, की त्या दिवशी त्यांनी स्टुलावर बसून कोळंब्यांशी गप्पासुद्धा मारल्या. सांगायला वाईट वाटतं, पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशातली गत झाली.

आधी गोगलगायी पडल्या. काचेवर चिकटून फिरणाऱ्या गोगलगायी खाली वाळूत उलट्या पडलेल्या दिसल्या. मिस्त्रींनी त्या सरळ करून ठेवल्या, त्या पुन्हा उलट्या. मग फुलासारखं उमलणारं प्रवाळ मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या सकाळी त्यांनी हात घातला तर धाकटी आलीच नाही. थोरली आली, पण चढता चढता घसरली आणि खडकाला धरून उभी राहिली. हाताला काही लागलंय का म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा हात धुतले, दिवा तपासला, पंप तपासला. पाइपाकडे पाहिलं तेव्हा उलट त्यांना धीर आला. निदान पाण्याची तरी चिंता नाही, म्हणाले.

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. त्यांनी सगळं सांगितलं. तिचा आवाज बदलला.

"मीठ मोजलंत?"

"मोजलं. बरोबर आहे."

"कुणी काही फवारलं? शेजारी रंगकाम वगैरे?"

"नाही गं."

"बाबा, नीट आठवा. मी गेल्यापासून घरात काही नवीन केलंत का? काहीही?"

मिस्त्रींनी पाइपाकडे पाहिलं. दिव्याखाली तो चमकत होता. ती येईल, दारातून पाहील, तिचा हात आपोआप दुखऱ्या खांद्यावर जाईल आणि मग तिला कळेल, हे त्यांनी किती वेळा मनात रंगवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "नवीन काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गेली. कपारीच्या तोंडाशी ती आडवी झाली, थोडा वेळ पाय हलत राहिले, मग थांबले. थोरली तिच्याजवळ उभी राहून मिश्यांनी तिला चाचपत होती. मिस्त्री काचेला कपाळ टेकवून बसले होते. विश्वासानं दिलेली वस्तू आपल्या हातून जातेय आणि कशी जातेय ते कळत नाही, याहून वाईट काय असतं? त्यांनी बरणीत टाकीचं पाणी भरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याचं दुकान गाठलं.

मासेवाला जाडजूड, बोलका माणूस. सूनबाईला तो ओळखायचा. त्यानं पाणी नळीत घेतलं, दोन-तीन थेंब काहीतरी टाकलं आणि हलवलं. पाणी निळं झालं तशी त्यानं नळी उजेडात धरली.

"काका, घरात कुणी माशांचं औषध घातलं का?"

"अजिबात नाही! तिनं बजावलंय."

"मग तांबं आलं कुठून? औषधात तांबं असतं, म्हणून तर ते घालत नाहीत. माशाला चालतं एक वेळ, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ... यांना तांब्याचा अंशसुद्धा विष."

मिस्त्रींना तो काय बोलतोय ते आधी समजलंच नाही. तांबं आणि विष हे दोन शब्द त्यांच्या आयुष्यात कधी शेजारी बसले नव्हते.

"नव्या पाइपातून येतं?" त्यांनी विचारलं.

"खाऱ्या पाण्यात बुडवला तर? काका, विरघळतच राहील की तो."

मिस्त्री तिथल्या खुर्चीत बसले. मासेवाल्यानं त्यांना पाणी दिलं, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि एकही उणा शब्द न बोलता सामान काढायला लागला. ताज्या खाऱ्या पाण्याचे कॅन, तांबं शोषून घेणारी पूड भरलेली पिशवी, एक लहान काचेची पेटी, हवेचा पंप आणि पातळ प्लॅस्टिकची नळी. "उरलेली कोळंबी आजच बाहेर काढा. पण थेट नव्या पाण्यात टाकू नका, त्यानंच मरेल. नळीला गाठ मारा आणि थेंब थेंब पाणी तिच्या भांड्यात पडू द्या. टाकीचं नंतर बघू, ती स्वच्छ व्हायला महिने लागतील." सामान जास्त होतं, म्हणून तो स्वतः गाडी काढून घरापर्यंत आला.

घरी आल्यावर मिस्त्रींनी आधी फिल्टरकडचा कॉक बंद केला आणि करवत काढली. पाइप खोलून काढायला वेळ लागला असता. त्यांनी तो कापला, टाकीच्या काठावर, सगळ्यात देखण्या वळणाच्या मधोमध. करवतीचे दात तांब्यात शिरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. मग थोरलीला वाडग्यात घेतलं. कॅन उंचावर ठेवला, प्लॅस्टिकची नळी सोडली, तिला गाठ मारली. गाठ किंचित आवळली, किंचित सैल केली, थेंबांचा आवाज ऐकला, पुन्हा आवळली. पाण्याची धार कशी धरायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. वाडगा भरत आला की अर्धं पाणी काढायचं आणि पुन्हा थेंब. मुलगा कामावरून आला, बापाचा चेहरा पाहिला, कापलेला पाइप पाहिला. त्यानं लसणाचा विनोद केला नाही. मुकाट्यानं चहा करून आणला आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बसला.

सूनबाई दुसऱ्या दिवशी परत आली. मिस्त्री दारातच उभे होते. तिनं बॅग खाली ठेवण्याआधीच ते बोलले, कारण नंतर धीर झाला नसता.

"धाकटी गेली. मीच मारली. तुझ्यासाठी तांब्याचा पाइप घातला, त्यानं. आणि तू फोनवर विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो."

सूनबाई आत गेली. टाकीतली रिकामी कपार पाहिली, मिटलेलं प्रवाळ पाहिलं आणि तोंडावर हात धरून रडली. मग थोरलीला ठेवलेल्या लहान काचेच्या पेटीपाशी बसली. चिमट्यात खाण्याचा कण धरून तिनं थोरलीसमोर नेला. थोरली बराच वेळ हललीच नाही. मिस्त्री श्वास धरून उभे होते. मग एक मिशी हलली, दुसरी हलली, आणि थोरलीनं पुढे येऊन तो कण ओढून घेतला. इतक्या जोरात ओढला, की दोघंही एकदम हुश्श म्हणाली.

जीव वाचला म्हटल्यावर सूनबाईला राग आला. राग असाच येतो, भीती गेल्याशिवाय त्याला जागा मिळत नाही.

"तांब्याचं तुम्हाला माहीत नव्हतं. ते सांगायला मी चुकले, 'औषध नको' म्हणाले आणि थांबले. त्याचं मला काही नाही. पण मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात? त्या दिवशी कळलं असतं तर दोघी राहिल्या असत्या!"

"तुला आनंद व्हावा म्हणून..."

"तुमचं सगळंच असं असतं, बाबा. काही विचारा, काही नाही, छान आहे, ठीक आहे. उद्या तुम्हालाच काही झालं तर मला कळायचं कसं? बसा इथे. आता विचारते त्याचं खरं उत्तर द्या. गुडघा किती दुखतो?"

मिस्त्री बसले. "दुखतो. जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतं."

"आम्ही करतो ते जेवण आवडतं?"

"तो हॉटेलचा आचारी आहे, पण घरच्या भाताला मीठ घालायचं विसरतो." आतून मुलाचा "बाबा!" असा आवाज आला, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि इथे करमतं तुम्हाला?"

मिस्त्रींच्या ओठांवर 'हो, अगदी' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "तू कामाला गेलीस की घर खायला उठतं. हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही. म्हणून पाण्यात हात घालून बसायचो. तुम्हाला ओझं वाटेल म्हणून बोललो नाही. पाइप तुझ्या खांद्यासाठी घातला हे खरं, पण ते चार दिवस मी पुन्हा मिस्त्री झालो होतो, हेही खरं."

सूनबाईचा राग कुठच्या कुठे गेला. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"आता तुम्ही विचारा," ती म्हणाली. "मीही खरंच सांगेन."

विचारण्यासारखं एकच होतं, पण धाकटी गेलेल्या घरात ते विचारायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी त्यांनी टेबलावर पडलेला पाइपाचा तुकडा पुढे सरकवला.

"काम कसं होतं?"

तिनं तो तुकडा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि कारखान्यात दाताच्या टोपीची कड तपासते तसं जोडावरून नख फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूनं पुन्हा एकदा.

"कुठेच अडकत नाही," ती म्हणाली. "मी दिवसभर असलेच जोड तपासते, बाबा. मला अजून असा एक साधलेला नाही. आणि माझ्यासाठी इतकं सुंदर आजवर कुणी काही केलं नाही."

अशा वेळी 'त्यात काय एवढं' म्हणायची मिस्त्रींना जन्माची सवय. पण आज ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सुनेसमोर, काहीही न लपवता, रडले.